नानांचे स्ट्रोब आणि माझं एक वाक्य

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईला सांगितली नाही, खोलीवरच्या मित्रांना नाही. ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. तुला सांगतोय, कारण तू मला ओळखत नाहीस — आणि हे कारणही भित्र्या माणसाचंच आहे, ते मला कळतं.

सुरुवात कुठून करू? दिव्यांपासून करतो. दिव्यांबद्दल बोलताना मला भीती वाटत नाही.

स्टुडिओत फोटो काढायचा तर माणसासमोर एक मोठी काळी पेटी उभी करतात. तिच्या तोंडाला पांढरं कापड असतं. तिला सॉफ्टबॉक्स म्हणतात. आतल्या दिव्याचा उजेड कापडातून गाळून येतो, म्हणून चेहऱ्यावर मऊ पडतो. आता आत कुठला दिवा ठेवायचा, यावर फोनवर तासन्‌तास भांडणारी माणसं आहेत. एक कंटिन्यूअस — सतत जळणारा, म्हणजे जे डोळ्यांना दिसतं तेच फोटोत येतं. दुसरा स्ट्रोब — बटण दाबलं की एकदाच लख्ख होऊन विझणारा. त्याचा उजेड इतका कमी वेळ टिकतो की समोरचं माणूस हललं तरी फोटोत थांबलेलं दिसतं. दोघांचेही आपापले उपयोग आहेत. व्हिडिओ करायचा तर सततचा दिवा हवा. हलणारं लेकरू टिपायचं तर स्ट्रोब. बस, एवढंच आहे. पण एवढंच सांगून माणूस हुशार दिसत नाही ना! मला हुशार दिसायचं होतं.

मी साक्रीच्या वरच्या अंगाच्या एका गावचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. आई-वडील पावसाळ्यात शेती करतात आणि दिवाळीनंतर गुजरातेत ऊस तोडायला जातात. बारावीपर्यंत मी साक्रीत राहिलो. अकरावीला शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला नानांच्या स्टुडिओत गेलो आणि तिथेच रमलो. नाना माझे नात्याने कुणी नाहीत. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, त्यांची मुलगी रत्नाताईसुद्धा नानाच म्हणते. कॅमेरा हातात कसा धरायचा, समोरच्या माणसाची मान कुठे वळवायची, लाजणाऱ्या बाईला हसवायचं कसं — सगळं मला नानांनी दिलं. बदल्यात काही मागितलं नाही.

नानांकडे दोन जुने स्ट्रोब होते. सॉफ्टबॉक्सचं कापड फाटलं की ते शेजारच्या टेलरकडून शिवून घेत. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या गावांमधून माणसं येत, आणि त्यांच्यात लेकरं कडेवर घेतलेल्या बाया जास्त असत. जावळ काढण्याआधी, डोक्यावर ते पहिले केस असताना, बाळाचा एक फोटो काढून ठेवायचा — आमच्याकडे बहुतेक घरांत तसा फोटो असतो, आणि त्या भागातले बरेचसे नानांनी काढलेले असतात. पहिल्यांदा आलेली माणसं त्या लख्ख उजेडाला दचकत. म्हणून नाना एक करायचे. सॉफ्टबॉक्स भिंतीकडे फिरवून आधी एक रिकामा फ्लॅश मारायचे आणि म्हणायचे, "हाऊ तुमना नही. हाऊ भीतना शे." भिंतीचा फोटो काढला म्हणून बाया हसायच्या, लेकरं भिंतीकडे बघायची, आणि तेवढ्यात पेटी परत वळवून नाना खरा फोटो घेऊन मोकळे व्हायचे.

मला याची लाज वाटायला लागली. केव्हा? धुळ्याला कॉलेजात आल्यावर. पहिल्याच वर्षी. मी नानांशी पुस्तकी मराठीत बोलायला लागलो. ते अहिराणीत विचारायचे, मी "होय", "नक्कीच", "तसं नसतं" अशी उत्तरं द्यायचो. शनिवारी-रविवारी साक्रीला येऊन त्यांच्या स्टुडिओत काम करायचो, आणि मनात त्यांना हसायचो. भिंतीला फ्लॅश दाखवणारा म्हातारा! केवढा शहाणा होतो मी. फोनवर बघितलेले दहा व्हिडिओ आणि दोन इंग्रजी शब्द, एवढंच माझं भांडवल होतं.

आता जे सांगतो ते लहान आहे, पण पुढचं सगळं त्यातून निघालं.

आमच्या विभागात छायाचित्रणाचं प्रात्यक्षिक होतं. तिथे स्ट्रोबचा नवा संच होता. मी वर्गात आधीच सांगून ठेवलं होतं की मी स्टुडिओत काम केलेलं आहे, मला हे सगळं येतं. सरांनी मलाच पुढे बोलावलं. मी ऐटीत दिवे लावले, एका वर्गमित्राला स्टुलावर बसवलं आणि फोटो काढला. पडद्यावर अर्धा चेहरा आला. उरलेला अर्धा काळा कुळकुळीत. दुसरा काढला, तोही तसाच. तिसराही. सगळा वर्ग बघत होता.

मागून एकजण म्हणाला, "काय रे स्टुडिओवाल्या, साक्रीत माणसं अर्धीच असतात का?"

मीही हसलो. काय करणार होतो? मग तोंड वर करून म्हणालो की स्ट्रोब आता जुने झाले, हल्ली सगळे कंटिन्यूअस वापरतात. सर काहीतरी समजावत होते, पण मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर मला येत नाही हे कबूल झालं असतं.

चूक काय होती? शटर फार वेगात ठेवलं होतं. ते पूर्ण उघडण्याआधीच दिवा लागून विझत होता. एका ओळीची गोष्ट. नानांच्या कॅमेऱ्यात ती कधी कळलीच नाही, कारण नानांनी शटरच्या चकतीवर चिकटपट्टी लावून ती एका आकड्यावर पक्की केलेली होती. दोन वर्षं मी ती चिकटपट्टी बघितली. का लावली, एकदाही विचारलं नाही. खेड्यातल्या माणसाचा जुगाड, म्हणून सोडून दिली. विचारलं असतं तर नानांनी चहा पिता पिता सांगितलं असतं.

तर — मला जे जमलं नाही, त्याला मी टाकाऊ ठरवलं. इतपत खोटेपणा पुष्कळ लोक करतात. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहिण्याची गरज नव्हती.

काही दिवसांनी नानांचा एक स्ट्रोब बंद पडला. धुळ्याच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, याचा सुटा भाग आता मिळत नाही. बाजाराचा दिवस होता, दुपारी गर्दी ओसरली होती. नाना माझ्याजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हणाले की आता दोन्ही बदलून टाकू, दुसराही तसाच म्हातारा झालाय. मग विचारलं, पुन्हा स्ट्रोबच घ्यायचे, की ते सतत जळणारे नवे दिवे?

"तू शिकेल शे," ते म्हणाले. "तू सांगशी तेच लेसूत."

हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःचा तिटकारा येतो. कसला शिकलेला? शटर माहीत नसलेला शिकलेला.

मी कंटिन्यूअस म्हणालो. नानांनी विचारलं, का? मी म्हणालो, जे दिसतं तेच फोटोत येतं, अंदाज लावावा लागत नाही. नानांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, पण बारीक लेकरू एका जागी बसत नाही. त्याला स्ट्रोबच पकडतो.

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. समोर सातवी शिकलेला माणूस, आणि त्याच्या एका साध्या वाक्याने माझी हुशारी उघडी पडलेली. तो अर्धा काळा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला, मागच्या बाकावरचं हसणं आलं. आणि मी म्हणालो —

"नाना, स्ट्रोबने लहान बाळांचे डोळे खराब होतात. आमच्या सरांनी सांगितलंय."

सरांनी असं काही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ते वाक्य मी त्याच क्षणी बनवलं. इतकं सहज, की मलाच ते खरं वाटलं.

नाना कापडाने लेन्स पुसत होते. त्यांचा हात थांबला. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डोक्याच्या वर, भिंतीकडे बघत होते, आणि तिथे काय आहे ते मला न वळता माहीत होतं. तिथे रत्नाताईचा फोटो होता. आठ-नऊ महिन्यांची, पालथी, मान वर करून हसणारी. नानांनी स्टुडिओ सुरू केला तेव्हा नवा फ्लॅश तपासायला समोर बसवायला दुसरं कोण होतं? तीच. रोज तीच. ते स्वतःच कौतुकाने सांगायचे, मनी आंडेर म्हणजे मना पहिला गिऱ्हाईक — माझी मुलगी हेच माझं पहिलं गिऱ्हाईक. आणि रत्नाताईला पहिलीपासून चष्मा आहे. जाड भिंगांचा. चष्मा काढला तर तिला समोरचं माणूस ओळखू येत नाही.

मला हे बोलण्याआधी सुचलं होतं का? नाही. एवढा नीच मी नव्हतो, असं म्हणून टाकायचा मोह होतो. पण बोलल्यावर लगेच सुचलं. नानांची नजर कुठे गेली ते मला दिसलं. त्यात काय आहे, ते कळलं. अजून एक वाक्य बोलायचं होतं फक्त — नाना, मी थापा मारतोय. बोललो नाही. उलट मला त्या क्षणी बरं वाटलं. वाद जिंकल्यासारखं. मी उठून झाडू मारायला लागलो.

नवे एलईडी दिवे आले. मीच जोडले. चालू असलेला जुना स्ट्रोबही नानांनी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. मोठ्या माणसांचे फोटो ठीक यायचे. लेकरांचे हलायचे. चिकटपट्टी काढून शटरचा वेग वाढवला तर उजेड कमी पडून फोटोत दाणे यायचे, दिव्याचा उजेड वाढवला तर बाळ रडायचं. डोळे वाचवायला आणलेल्या दिव्यासमोर पोरं डोळे गच्च मिटून घेत. हसू येतं ना? मला नाही आलं. मी नानांना सांगत राहिलो की सवय होईल.

मग नानांनी बाळांचे फोटो काढणंच थांबवलं. बाजाराच्या दिवशी लांबून चालत आलेल्या बाया जावळाच्या लेकराला घेऊन दारात उभ्या राहायच्या, आणि नाना हात जोडून, फ्लॅश मारू देऊ नका असं बजावून, त्यांना रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या स्टुडिओत पाठवायचे. एक म्हातारी चिडली; तिच्या सगळ्या पोरांचे फोटो नानांनीच काढले होते. म्हणाली, "मना बठ्ठा पोरेसना फोटो तू काढात, आते नातले का व्हयनं रे नाना?" नानांनी पुन्हा हात जोडले. मी आत संगणकावर बसून ऐकत होतो.

त्याच वर्षी कॉलेजात डोळे तपासणीचं शिबिर झालं. माझा नंबर आल्यावर मी डॉक्टरांना विचारलं की स्टुडिओच्या फ्लॅशने बाळाचे डोळे जातात का. ते हसले. म्हणाले, काही होत नाही, आणि चष्म्याचा तर त्याच्याशी काही संबंधच नाही, कुणी सांगितलं हे? मी म्हणालो, गावाकडे म्हणतात.

गावाकडे म्हणतात! गावावर ढकललं. गावात असं कुणी म्हणत नव्हतं. शिकलेला म्हणत होता.

म्हणजे तेव्हापासून तर पक्कं माहीत होतं. अंदाज नाही, शंका नाही. तरी मी प्रत्येक शनिवारी साक्रीला जात राहिलो, नानांच्या घरी जेवत राहिलो.

रत्नाताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर जळगावकडचं, यावलजवळ. एका दुपारी ती डबा घेऊन स्टुडिओत आली. आम्ही तिघंच होतो. नानांनी डबा उघडला नाही. झाकणावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "रत्ना, तुना डोया मन्हामुये गयात."

तिला कळेचना. नानांनी सगळं सांगितलं. रोज फ्लॅश मारायचो, मला ठाऊक नव्हतं, आता कळलं. सांगताना ते आपल्या मुलीच्या तोंडाकडे बघत नव्हते, तिच्या पायांकडे बघत होते. त्यांनी जे केलंच नव्हतं त्याची ते कबुली देत होते, आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसून फोटो कापत होतो. पासपोर्टचे. आठ-आठचा संच.

रत्नाताई आधी हसली. "काहीही काय नाना! माझ्या सासूलाही चष्मा आहे, तिचे फोटो पण तुम्हीच काढले का?" पण नाना हसले नाहीत, तेव्हा ती माझ्याकडे वळली. "तू शिकतोस ना रे तिकडे? खरं आहे का हे?"

ती सरळ माझ्याकडे बघत होती. विचारण्यात संशय नव्हता. आणखी कुठली संधी हवी होती मला?

"थोडंफार असतं, ताई," मी म्हणालो.

थोडंफार. बघ कसा शब्द शोधला.

तिने पोटावर हात ठेवला. बस, तेवढंच. मग डबा उघडून नानांना वाढलं, मलाही वाढलं. मी जेवलो.

मुलगा झाला. बारशाला यावलकडची मंडळी आली. घर भरलं होतं, बाया पाळण्याभोवती, प्रत्येकीच्या हातात फोन. आणि नाना पाळण्याजवळ उभे राहून प्रत्येक फोनपुढे हात आडवा धरत होते. फ्लॅश नको, फ्लॅश नको. ते काकुळतीला आले होते. आधी लोकांना गंमत वाटली. मग थट्टा सुरू झाली.

"जग भरना फोटो काढात अन् नातूना एक नही!" कुणीतरी म्हणालं. "नानाले वय व्हयनं आते."

ताईची जाऊ धुळ्याला दवाखान्यात नर्स आहे. ती जरा तडकून म्हणाली, "नाना, हे कुणी भरवलं तुमच्या डोक्यात? आमच्याकडे रोज बाळं जन्मतात, रोज फोटो निघतात. फ्लॅशने कुणाचे डोळे जात नाहीत."

नाना गोंधळले. त्यांनी गर्दीत मला शोधलं. मी कोपऱ्यात कॅमेरा गळ्यात घालून उभा होतो. मला बघून त्यांचा चेहरा सैलावला. त्यांना वाटलं, आपला माणूस आहे इथे.

"हाऊ शिकेल शे," ते म्हणाले. "याले इचारा. यानंच सांगं माले."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. नर्स वहिनी माझ्याकडे बघत होती, तिच्यापुढे "सरांनी सांगितलंय" चाललं नसतं. रत्नाताई बघत होती, चष्म्यातून. मला तेव्हा काय वाटलं ते जसंच्या तसं सांगतो. नानांची दया नाही आली. मला त्यांचा राग आला. चार शिकलेल्या लोकांसमोर या म्हाताऱ्याने माझं नाव घेतलंच का, असा राग.

मी म्हणालो, "मी असं कधी म्हटलं नव्हतं, नाना."

रत्नाताईने तोंड उघडलं. तिला तर आठवत होतं. तिनेच विचारलं होतं मला. ती बोलणार, तेवढ्यात नाना बोलले. आडवा धरलेला हात त्यांनी खाली घेतला. माझ्याकडे बघितलं — रागाने नाही, एखादं लेकरू पडताना दिसलं की बघतो तसं — आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले:

"नही, नही, यानी चूक नही. म्हतारा व्हयनू मी. काहीतरी डोकामा भरी लिधं व्हई."

लोक हसले. रत्नाताई हसली नाही. फोन पुन्हा वर आले आणि फ्लॅश पडायला लागले. नाना पाळण्यापासून बाजूला झाले आणि भिंतीशी जाऊन बसले. मी फोटो काढत राहिलो. जवळजवळ सगळे चांगले आले.

त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी त्या घरात मला वाचवलं, स्वतःला वेडं ठरवून घेऊन. त्याआधीचे कित्येक महिने त्यांनी मुलीचे डोळे गेल्याचं ओझं वाहिलं होतं, आणि ते मी ठेवलेलं होतं.

मी आता शेवटच्या वर्षाला आहे. शनिवारी साक्रीला जातो. नाना चहा सांगतात. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही बोललेलो नाही. रत्नाताई माहेरी आली की माझ्याशी फार बोलत नाही. बाळांचे फोटो नाना अजून काढत नाहीत; चालू स्ट्रोब अजून माळ्यावर गोणपाटातच आहे.

मी ते म्हटलं होतं. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत. आणि बारशाला, सगळ्यांसमोर, म्हटलं नव्हतं असं म्हणालो.